छायाचित्राची किंमत कोण मोजतो?

१२ जून १९७३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या चायनाटाऊन भागात मार्लन ब्रँडो या विख्यात नटाने आपला पाठलाग करणाऱ्या एका छायाचित्रकाराच्या तोंडावर ठोसा लगावला. त्या ठोशाने छायाचित्रकाराचा जबडा मोडला आणि पाच दात पडले. या छायाचित्रकाराचे नाव रॉन गॅलेला. त्याने ब्रँडोवर दावा लावला, चाळीस हजार डॉलर घेऊन तडजोड केली, आणि पुढच्या वर्षी ब्रँडो एका समारंभाला येणार असल्याचे कळताच डोक्यावर अमेरिकी फुटबॉलपटूचे शिरस्त्राण चढवून तो कॅमेऱ्यासह पुन्हा त्याच्या मागे हजर झाला. पुढे चालणारा ब्रँडो आणि मागे शिरस्त्राणधारी गॅलेला, हे दृश्य दुसऱ्या एका छायाचित्रकाराने टिपले आणि तेही चांगलेच गाजले.

अशा आठवणी वाचताना वाचकाला हसू येते. त्यांत साहस असते, चातुर्य असते, आणि मोठ्या माणसांची फजिती पाहण्याचे जे सुख सामान्य माणसाला हवे असते तेही असते. परंतु कोणत्याही धंद्यातील माणसाच्या आठवणी म्हणजे त्याची एका बाजूची खतावणी होय. आपण काय गुंतवले, काय कमावले, किती मार खाल्ला, एवढे तीत लिहिलेले असते. ज्याचा चेहरा विकला गेला त्याच्या खात्यावर काय पडले, हे त्या वहीत सापडत नाही. तो हिशेब वाचकालाच मांडावा लागतो.

नटनट्यांच्या मागे धावणाऱ्या छायाचित्रकारांची उठाठेव बीडसारख्या जिल्ह्यात कशासाठी, असे कोणी विचारील. येथे ना चित्रनगरी, ना विमानतळावर ताटकळणारे कॅमेरे. तथापि गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यावर कॅमेरे ज्या रीतीने रोखले गेले आणि त्यांतून येथील माणसांच्या वाट्याला जे आले, ते पाहता हा प्रश्न बीडने इतर कोणाहीपेक्षा अधिक गांभीर्याने विचारावा असा आहे.

रस्त्यावरचा धंदा

‘पापाराझी’ हा शब्द इटलीतून आला. फेडेरिको फेलिनी या दिग्दर्शकाच्या ‘ला दोल्चे व्हिता’ या १९६० सालच्या चित्रपटात पापाराझो नावाचे एका वृत्तछायाचित्रकाराचे पात्र आहे. त्याच्या नावाचे अनेकवचन पुढे साऱ्या जमातीचे नाव झाले. हे पात्र उभे करताना फेलिनीसमोर जी खरी माणसे होती त्यांत तात्सिओ सेक्यारोली हा प्रमुख. रोमच्या व्हिया व्हेनेतो या रस्त्यावर रात्री उपाहारगृहांतून बाहेर पडणाऱ्या नटनट्यांना आणि पदच्युत राजेरजवाड्यांना अचानक फ्लॅशच्या उजेडात पकडणे हा त्याचा व्यवसाय होता. ऑगस्ट १९५८ मधील एका रात्री इजिप्तचा माजी राजा फारुक त्याच्या अंगावर धावून गेला. त्या रात्रीच्या छायाचित्रांनी सेक्यारोलीचे नाव झाले.

या धंद्यातील अर्थशास्त्र त्याच वेळी स्पष्ट झाले होते. शांतपणे जेवणाऱ्या नटाच्या छायाचित्राला भाव नाही, चिडलेल्या नटाच्या छायाचित्राला आहे. म्हणजे ज्या क्षोभाचे चित्र विकायचे तो क्षोभ छायाचित्रकारानेच निर्माण करायचा, असा हा व्यवहार ठरला. माल आणि मालाची टंचाई दोन्ही एकाच हाताने निर्माण होऊ लागली की बाजाराला नीतीची आठवण कोणी द्यायची?

याच सेक्यारोलीचे उत्तरायुष्य मात्र विचार करण्याजोगे आहे. त्याने पुढे रस्ता सोडला, फेलिनीच्या चित्रीकरणस्थळी छायाचित्रकार म्हणून काम केले, आणि सोफिया लॉरेन या अभिनेत्रीचा तो अनेक वर्षे विश्वासू छायाचित्रकार होता. कॅमेरा तोच, डोळा तोच, फक्त समोरच्या माणसाशी असलेले नाते पालटले होते.

फुटांत मोजलेली मर्यादा

गॅलेलाच्या आठवणींतील सर्वांत मोठे प्रकरण जॅकलिन ओनासिस यांचे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची ही विधवा पत्नी आपल्या मुलांसह न्यूयॉर्कमध्ये राहत असे आणि गॅलेला तिच्या दारात. ऑक्टोबर १९७१ मध्ये टॅक्सीतून टिपलेले, वाऱ्याने केस विस्कटलेल्या जॅकलिनचे त्याचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. स्वतः गॅलेला ते आपले सर्वश्रेष्ठ काम मानत असे. चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु त्या चित्राच्या आगेमागे काय चालले होते, ते न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेले आहे. दारवानांना पैसे चारणे, घरातील मोलकरणीशी सलगी करून मालकिणीच्या हालचालींची बातमी काढणे, जॅकलिन पोहत असताना यांत्रिक नाव तिच्याजवळ नेणे, आणि सायकल चालवणाऱ्या तिच्या लहान मुलाच्या वाटेत एकाएकी उडी घेणे, हे सारे त्यात आहे.

गंमत अशी, की न्यायालयाची पायरी प्रथम गॅलेलाच चढला होता. आपल्याला उपजीविकेच्या कामात अडथळा होतो, असा त्याचा दावा होता. १९७२ मध्ये निकाल त्याच्याविरुद्ध गेला आणि त्याने जॅकलिनपासून पन्नास यार्ड दूर राहावे, असा आदेश झाला. १९७३ मध्ये अपील न्यायालयाने हे अंतर पंचवीस फुटांवर आणले. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य ही सबब छळाला लागू पडत नाही, हे तत्त्व मात्र कायम राहिले. पुढे १९८२ मध्ये आदेशभंग सिद्ध झाल्यावर त्याला तिची छायाचित्रे काढणे कायमचे सोडून देण्याचे कबूल करावे लागले. २०२२ मध्ये गॅलेला वारला तेव्हा त्याची छायाचित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात जाऊन बसली होती. काळ लोटला की छळाचीही कला होते. ज्याला त्रास झाला तो तोवर हयात नसतो.

मर्यादा फुटांत मोजण्याची वेळ येणे हे लक्षण चांगले नव्हे. जे अंतर मनुष्य सभ्यतेने आपणहून राखतो ते न्यायालयाला टेप लावून आखून द्यावे लागले. आणि जेथे ते आखलेच गेले नाही तेथे काय होते, हे ३१ ऑगस्ट १९९७ च्या पहाटे पॅरिसच्या भुयारी रस्त्यात दिसले. प्रिन्सेस डायना यांच्या मृत्यूबद्दल छायाचित्रकारांवर ठेवलेला मनुष्यवधाचा आरोप फ्रेंच न्यायालयाने १९९९ मध्ये फेटाळला, हे खरे. परंतु २००८ मध्ये लंडनच्या चौकशीतील पंचांनी त्यांच्या मोटारीच्या चालकाबरोबरच पाठलाग करणाऱ्या वाहनांच्या बेदरकारपणालाही जबाबदार धरले. त्या रात्री चालकाने मद्य घेतले होते हे जितके खरे, तितकेच मोटार कोणाला चुकवण्यासाठी धावत होती हेही खरे.

नगावर मजुरी

येथे छायाचित्रकाराला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते न्याय्य होणार नाही. हा मनुष्यही मजूर आहे. रात्र रात्र इमारतीच्या फाटकाशी उभे राहणे, पावसात भिजणे, सुरक्षारक्षकांचे धक्के खाणे, आणि एवढे करून चित्र मिळाले तरच पैसे, हे त्याचे जिणे. त्याला वेतन वेळेचे मिळत नाही, नगाचे मिळते.

नगावरची मजुरी काय करते हे बीडला कोणी शिकवायला नको. दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून जी कुटुंबे येथून साखर कारखान्यांच्या फडांवर जातात, त्यांची मजुरी टनावर असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस आजारपणात गेला तर खाडा पदरात. जानेवारी २०२४ मधील करारात दर ३४ टक्क्यांनी वाढले तरी पद्धत तीच राहिली. टनावर मजुरी असली की मनुष्य आपले शरीर झिजवतो. छायाचित्रकाराला नगावर मजुरी असली की झिजते ते समोरच्याचे खासगी आयुष्य. फरक एवढाच, की ऊसतोड मजुराच्या कामाचा भार त्याच्याच पाठीवर पडतो, तर या दुसऱ्या धंद्यात खर्चाचा मोठा वाटा व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच व्यक्तीवर टाकला जातो. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि खालच्या गावाने ते प्यावे, त्याला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. चोरून काढलेले छायाचित्र याच जातीचे. विकणाऱ्याला पैसा मिळतो, घेणाऱ्याला खप मिळतो, पाहणाऱ्याला करमणूक मिळते. किंमत मोजणारा त्या सौद्यात हजरच नसतो.

पूर्वी या खर्चाला एक नैसर्गिक लगाम होता. रोलमध्ये छत्तीस चित्रे, रोलला पैसे, धुलाईला पैसे, छपाईला पैसे. बटण दाबण्यापूर्वी हात क्षणभर थांबत असे. अंकीय कॅमेरा आणि त्यामागोमाग मोबाइल आल्यावर आणखी एका चित्राचा सीमांत खर्च शून्यावर आला आणि तो क्षणभराचा विचारही संपला. खर्च शून्य झाला तो काढणाऱ्याचा. ज्याचे चित्र निघते त्याचा खर्च तेवढाच राहिला. किंबहुना चित्र आता कधीच नाहीसे होत नसल्यामुळे तो वाढला.

मुंबईत या धंद्याने आज एक चमत्कारिक रूप घेतले आहे. व्यायामशाळेच्या दारात वा विमानतळावर नट ‘अचानक’ दिसतो तेव्हा तो येणार असल्याची वर्दी पुष्कळदा त्याच्याच प्रसिद्धी सांभाळणाऱ्या माणसाने दिलेली असते. दोघांचाही फायदा असतो आणि तक्रार कोणाचीच नसते. परंतु हाच कॅमेरा फेब्रुवारी २०२३ मध्ये शेजारच्या इमारतीवरून आलिया भट्ट यांच्या घरातील बैठकीच्या खोलीपर्यंत पोहोचला तेव्हा त्यांनी उघड निषेध केला आणि मुंबई पोलिसांचे लक्ष वेधले. जानेवारी २०२१ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी नवजात कन्येची छायाचित्रे काढू नयेत अशी विनंती छायाचित्रकारांना केली, आणि बऱ्याच जणांनी ती पाळलीही. यावरून दोन गोष्टी दिसतात. विनंती केली तर हे लोक ऐकतात, इतकी माणुसकी या धंद्यात शिल्लक आहे. आणि विनंती ऐकली जावी यासाठी विनंती करणारा मोठा असावा लागतो.

संमतीचे छायाचित्र

प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे टिपण्याची दुसरीही परंपरा आहे, आणि तिचा एक श्रेष्ठ प्रतिनिधी मराठी होता. गौतम राजाध्यक्ष यांचा जन्म १९५० चा. रसायनशास्त्राचे हे विद्यार्थी जाहिरातीच्या क्षेत्रातून छायाचित्रणाकडे वळले, आणि १९८० नंतर हिंदी चित्रपटसृष्टीतील बहुतेक मोठे चेहरे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेसेस’ या त्यांच्या ग्रंथात दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतच्या पिढ्या एकत्र आल्या आहेत. मराठीत त्यांचा ‘चेहरे’ हा ग्रंथ आहे, आणि ‘चंदेरी’ या चित्रपटविषयक पाक्षिकाचे संपादनही त्यांनी केले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

राजाध्यक्षांची चित्रे आणि गॅलेलाची चित्रे शेजारी ठेवली तर कोणती अधिक खरी, असा वाद सहज उभा राहतो. पाठलाग करणारे म्हणतात, की प्रकाशयोजना करून काढलेले चित्र ही खुशामत आहे आणि रंगरंगोटी उतरलेला मनुष्य आम्हीच दाखवतो. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. संमतीने काढलेले चित्र समोरच्याला हवे तेवढेच सांगते. पण प्रश्न असा, की कशाविषयीचे सत्य जाणण्याचा वाचकाला अधिकार आहे? मंत्र्याने सही कशावर केली हे सत्य जनतेचे आहे. नटीने घरात कोणते कपडे घातले हे सत्य असले तरी ते जनतेचे नाही. एखादी गोष्ट खरी असणे आणि ती प्रसिद्ध करण्याजोगी असणे यांतील हा भेद मिटला, की सत्याच्या नावाने कोणाच्याही अंगणात शिरता येते.

बीडचे चेहरे

आता हा प्रश्न बीडच्या मातीवर आणून पाहावा. २०१९ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. त्या बातम्या देणाऱ्या पत्रकारांचे ऋण जिल्ह्याने मान्यच केले पाहिजे, कारण त्यांच्यामुळेच विधिमंडळात प्रश्न उठला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीपुढे आलेल्या पाहणीनुसार ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. त्याआधीच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.२ टक्के होते. वयोगटांतील फरक लक्षात घेऊनही हे अंतर मन सुन्न करणारे आहे. खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली ती या धक्क्यामुळेच.

परंतु त्या पहिल्या बातम्यांनंतर कॅमेऱ्यांची जी रीघ लागली तिचा हिशेब कोणी मांडला नाही. एका खेड्याचे नाव ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचे गाव’ म्हणून जगभर झाले. ते नाव येथे पुन्हा छापण्याचे कारण नाही. शरीरातील कोणता अवयव काढला गेला आहे, ही गोष्ट जी स्त्री आपल्या भावालाही सांगणार नाही, ती तिच्या चेहऱ्यासह परदेशी वाचकांच्या घरी पोहोचली. तिने मान डोलावली असेल. पण चित्र कोठे छापले जाणार, कोण पाहणार, ते किती वर्षे राहणार, हे तिला सांगितल्यावाचून घेतलेल्या होकाराला संमती कसे म्हणावे? अंगठा उमटवून घेतलेला कर्जरोखा आणि असा होकार यांत तत्त्वतः अंतर नाही.

आणि शासनाला हलवले ते कशाने? बातमीने वाचा फोडली, पण निर्णायक ठरली ती पाहणीतील संख्या. तेरा हजार आठशे एकसष्ट या आकड्याला चेहरा नाही, नाव नाही, आणि तरीही त्याच्या पुढे कोणाला नाही म्हणता आले नाही. आकडा रुक्ष असतो अशी तक्रार नेहमी होते. पण आकड्याचा एक सद्गुण असा, की तो ज्यांच्याविषयी बोलतो त्यांची अब्रू खर्ची घालत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये जिल्ह्याने याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर रोजी अमानुष हत्या झाली. त्या प्रक्षोभात परळीतील राजकारणाविषयी बोलताना जिल्ह्यातील एका आमदारांनी काही अभिनेत्रींची नावे घेतली. त्यांत प्राजक्ता माळी यांचे नाव होते. परळीच्या एका कार्यक्रमातील व्यासपीठावरचे एक छायाचित्र एवढ्याच आधारावर हातोहात कुजबुज पसरली. २८ डिसेंबर रोजी त्यांना मुंबईत पत्रकार परिषद घेऊन आपली बाजू मांडावी लागली. आमदारांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. संमतीने, उजेडात, हजारो लोकांसमोर काढलेले एक साधे चित्र संदर्भातून उचलले की एखाद्या स्त्रीवर कसे फेकता येते, याचा हा धडा होता. चोरून चित्र काढणे आणि उघड काढलेले चित्र चोरट्या हेतूने वापरणे, हे एकाच कुळातील अपराध आहेत.

मग ३ मार्च २०२५ ची रात्र आली. तपासयंत्रणेच्या आरोपपत्रातील, देशमुख यांच्या छळाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. ती कोणा पत्रकाराने काढलेली नव्हती, छळाच्या वेळीच मोबाइलवर टिपली गेली होती. महाराष्ट्र हादरला, आणि दुसऱ्याच दिवशी धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. येथे छायाचित्राने जे केले ते शब्दांना तीन महिन्यांत साधले नव्हते, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. पुरावा म्हणून त्या चित्रांचे स्थान न्यायालयात आहे, आणि सत्तेला जाब विचारण्याचे साधन म्हणून त्यांचे मोलही मोठे. पण त्यानंतर तीच चित्रे हातोहात मोबाइलवर फिरू लागली, आणि त्यांतून पुरावा कोणालाच मिळत नव्हता. ज्या घराने माणूस गमावला, त्या घरातील मुलांना ती कोणत्याही क्षणी कोणाच्याही मोबाइलवर दिसू शकतील, एवढेच त्यातून निष्पन्न झाले.

अधिकार आणि अपवाद

कायदा या बाबतीत मुका नाही. १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नागरिकाला एकटे सोडले जाण्याचा अधिकार आहे आणि त्याच्या खासगी आयुष्याविषयी त्याच्या संमतीवाचून कोणी काही प्रसिद्ध करू शकत नाही. त्याच निकालात अपवादही स्पष्ट आहेत. सार्वजनिक अभिलेखातील गोष्टी प्रसिद्ध करता येतात आणि लोकसेवकाला आपल्या कर्तव्यासंबंधी या अधिकाराआड लपता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे एकमताने ठरवले.

म्हणजे तत्त्व तयार आहे. उणीव आहे ती ते अमलात आणण्याच्या ऐपतीची. जॅकलिन ओनासिस यांच्यापाशी वकील होते. मुंबईच्या तारकेपाशी उंच फाटक आहे, पहारेकरी आहे, आणि एका संदेशासरशी पोलिसांचे लक्ष वेधण्याचे बळ आहे. फडावरच्या कोपीला दारच नसते, मग ते लावून घ्यायचे कसे? कायद्याने सर्वांना दिलेला अधिकार व्यवहारात चैनीची वस्तू झाला आहे. ज्याला परवडतो त्याच्याच घरी तो नांदतो.

काय करता येईल?

याला उपाय नवा कायदा हाच एक आहे असे नव्हे. पुष्कळसे काम संपादकाच्या मेजावर, शाळेच्या वर्गात आणि कचेरीच्या खिडकीत होण्यासारखे आहे. वृत्तपत्रांनी एक साधा नियम पाळावा. सत्ता, पैसा वा पद हाती असलेल्यांच्या सार्वजनिक कृत्यांची छायाचित्रे निर्भयपणे छापावीत. दुःख, आजार आणि दारिद्र्य यांची छापताना मात्र चेहरा आवश्यक आहे काय, असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. पाठमोरी आकृती, हातातील कोयता, रिकामी चूल यांतूनही सत्य पोहोचते. चेहरा हवाच असेल तर त्या व्यक्तीला तिच्या भाषेत, तिच्या घरच्यांसमक्ष, चित्र कोठे जाणार हे सांगून विचारावे, आणि तिने नंतर नकार दिला तर तो मानावा.

शासकीय कचेऱ्यांनाही या आत्मपरीक्षणातून सुटता येणार नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेला मदतीचा धनादेश देताना छायाचित्र काढण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. देणारा मध्यभागी, हसतमुख. घेणारी पदर सावरत, मान खाली घालून. मदत हा तिचा हक्क आहे, आणि हक्काच्या पावतीवर सही पुरेशी असते. चेहऱ्याची पावती मागण्याचा अधिकार कोणत्या नियमाने दिला? शिष्यवृत्ती वा सायकल मिळालेल्या मुलींना रांगेत उभे करून त्यांच्या गरिबीची जाहिरात करणाऱ्या शाळांनाही हाच प्रश्न लागू आहे. एखाद्या लिपिकाने वा शिक्षकाने अशा वेळी कॅमेरा बाजूला ठेवायला सांगितले, तर त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

राहता राहिला तो मोबाइल हाती असलेला तरुण. व्हिया व्हेनेतोवर मूठभर छायाचित्रकार होते. आज अपघात झाला, भांडण झाले, कोणी विहिरीत उडी घेतली, की जमलेल्या प्रत्येकाच्या हातात तेच साधन असते, आणि पुष्कळदा मदतीचा हात पुढे येण्याआधी ते वर उचलले जाते. सेक्यारोलीला निदान त्याचे पैसे मिळत. या तरुणाला तेही मिळत नाहीत. पाहणाऱ्यांची संख्या मोजून धनवान होतात त्या दूरदेशीच्या कंपन्या, आणि तो त्यांचा बिनपगारी पापाराझी होऊन बसतो.

गावोगावच्या जुन्या फोटो स्टुडिओंत एक रीत होती. गिऱ्हाईक बाकावर बसले की छायाचित्रकार कापडाखाली शिरण्यापूर्वी विचारी, काढू का? समोरचा कपडे नीट करी, केसांवरून हात फिरवी आणि मगच होय म्हणे. तेवढ्या वेळात तो माणूस आपण कसे दिसायचे हे स्वतः ठरवत असे. तो प्रश्न विचारायला यंत्र कितीही बदलले तरी खर्च येत नाही.